सतराव्या मिनिटाचा जोड

माझे सासरे रेडिओत होते म्हटलं की लोक विचारतात, बातम्या द्यायचे का? नाही. बाबा टेप कापायचे. कुणी बोलताना अडखळलं, खोकलं, एकच वाक्य दोनदा म्हणालं, की तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा आणि उरलेली दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. केंद्रावर त्यांना ब्लेडसाहेब म्हणायचे. रागावले की ते बोलत नसत, नुसते बघत, आणि ज्याच्याकडे बघत त्याला आपलं एखादं वाक्य कमी झाल्यासारखं वाटे, असं आई सांगतात. आई म्हणजे माझ्या सासूबाई.

त्या पस्तीस वर्षांतलं एकच रेकॉर्डिंग त्यांनी घरी आणलं. केंद्रावरच्या साहेबांची परवानगी काढून, त्याची प्रत करून. गाणाऱ्या बाई फार मोठ्या होत्या. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली, तरी आमच्याकडे नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच. अर्ध्या तासाचा एक ख्याल. टेप आता संगणकात गेली आहे, पण टेपच्या खोक्यातलं कार्ड बाबांनी तसंच ठेवलंय. पिवळं पडलेलं, पोस्टकार्डाएवढं, वर त्यांच्या ताठ अक्षरात लिहिलेलं: प्रथम श्रवण.

बाबांचं म्हणणं असं, की दुसऱ्यांदा तुम्ही भांडी घासताना ऐका, बोलत ऐका, माझी हरकत नाही. पण पहिल्यांदा ऐकणं माणसाला एकदाच मिळतं. ते सांडायचं नाही. दार लावायचं, हेडफोन घालायचा, डोळे मिटायचे. मध्ये उठायचं नाही. आधी कुणाला काही विचारायचं नाही. घरात दुसरं कुणी नसलं तर उत्तम. संपल्यावर एवढंच सांगायचं की कितव्या मिनिटाला मन अडकलं. ते कार्डावर लिहिणार.

मी लग्न होऊन आले तेव्हा कार्डावर चार ओळी होत्या.

पत्नी: सहाव्या मिनिटापासून झोप.

वर्तमानपत्राचे समीक्षक: सबंध गायन एकसंध वाटले म्हणाले.

तबलजींचा पुतण्या: बाविसावे, तान.

मुलगा (वय १२): तिसऱ्या मिनिटाला पाणी प्यायला गेला. परतला नाही.

पाचवी ओळ माझी. लग्नानंतर मला ऑफिस होतं, मग दिवस गेले आणि उलट्या सुरू झाल्या, मग ठकी झाली. ठकी म्हणजे आमची मुलगी. कागदावर तिला चांगलं नाव आहे, ते कुणी वापरत नाही. अडीच वर्षं बाबांनी चकार शब्द काढला नाही. आणि या महिन्यात एका रविवारी जेवताना म्हणाले, “सूनबाई, उद्या आईला दाताच्या डॉक्टरकडे नेतोय. ठकी अकरा ते साडेबारा झोपते. घर रिकामं आहे.”

मी बरं म्हटलं. आणि यातून सुटायचं कसं, ते शोधायला लागले.

कारण मला कानात काही घालता येत नव्हतं. आणि का, हे कुणाला माहीत नव्हतं.

नऊ आठवड्यांपूर्वी ठकी पलंगावरून पडली. घरात आम्ही दोघीच होतो. तिला पलंगाच्या मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मी तिच्याकडे पाठ करून कपाटापाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. दोन्ही कानांत इअरफोनची बोंडं. कॉलेजात ऐकायचे ती गाणी, आवाज मोठा. मीही त्यांच्याबरोबर गात होते, हे मला आठवतं आणि मग पुढचं काही आठवू नयेसं वाटतं. एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायच्या आधी जी एवढीशी जागा असते, तिच्यात मला ती रडताना ऐकू आली. वळले तर ती खाली फरशीवर, तोंड लालबुंद, आवाज बसलेला. म्हणजे रडायला लागून वेळ झाला होता. किती, ते मला माहीत नाही.

सगळ्यांना मी सांगितलं, बाथरूममध्ये होते. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड पाडून बघितलं, टाळू चाचपली आणि विचारलं, “पडल्यावर लगेच रडली का?” हे त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, “हो, लगेच.”

लगेच रडली की आधी काही वेळ निपचित होती, हे मला कसं ठाऊक असणार? माझ्या कानात गाणं चालू होतं. डॉक्टरांनी ‘लगेच’ असं लिहून घेतलं आणि म्हणाले, मग काळजी नको. तेव्हापासून मला काळजीशिवाय दुसरं काही नाही. झोपली की तिचे श्वास मोजते. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या सारख्या दिसतात का, ते मोबाइलच्या दिव्याने बघते. आई म्हणतात, पहिलटकरणीचं असंच असतं.

सोमवारी ते दोघं गेले. बाबांनी सगळं मांडून ठेवलं होतं: संगणकावर रेकॉर्डिंग उघडलेलं, खुर्ची, वर हेडफोन. तो जुना, मोठा हेडफोन होता, कान सबंध झाकणारा. मी तो हातात घेतला. एका कानावर ठेवून बघितला. त्या बाजूचं घर नाहीसं झालं. काढला.

मग मी जे केलं ते शाळकरी पोरीसारखं होतं. रेकॉर्डिंग सुरू केलं, हेडफोन टेबलावर ठेवला आणि शेजारच्या खोलीत ठकीपाशी जाऊन बसले. बाई रिकाम्या खुर्चीपुढे गात राहिल्या. मध्येच एकदा वाटलं, निदान बघून यावं. दारातून डोकावले तेव्हा पडद्यावर सतरा मिनिटं चाळीस सेकंद दिसत होते आणि हेडफोनमधून मुंगी बोलावी तसं काहीतरी येत होतं. तेवढ्यात ठकीने कूस बदलली. मी परत.

मुलीपाशी बसून मोबाइलवर शोधलं: शास्त्रीय संगीताचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना काय करावं. एक लेख सापडला. आधी आलाप म्हणजे सुरांची ओळख, मग जोड, त्यात लय येते, तिथे नवख्या श्रोत्याचं लक्ष पटकन लागतं, असं त्यात होतं. मी ‘जोड’ एवढा शब्द लक्षात ठेवला. तो लेख वाद्यांवरचा होता, हे मी वाचलं नाही. मी वेळ मारून न्यायला वाचत होते.

रजेवर येण्याआधी मी विमा कंपनीत होते, दाव्यांच्या विभागात. अपघात कसा झाला याचे लोकांनी लिहून दिलेले जबाब वाचायचे आणि कुठे पाणी मुरतंय ते हेरायचं, हे माझं काम. त्यात एक गोष्ट शिकले: खरं सांगणारा माणूस ‘दुपारची वेळ असेल’ म्हणतो. खोटं सांगणारा तीन वाजून दहा मिनिटं सांगतो.

बाबा परत आले. मोजे काढत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “मग?”

“आवडलं.”

“आवडायचं राहू दे. अडकलीस कुठे?”

“सतरा मिनिटं चाळीस सेकंद,” मी म्हटलं. “तो जोड आहे ना, तिथे.”

एक मोजा निघाला होता, एक तसाच. बाबा वाकलेलेच राहिले.

“जोड.”

“हो.”

“तुला ऐकू आला.”

“अगदी स्पष्ट,” मी म्हटलं. खोटं एकदा चाललं की त्याला इस्त्री करायचा मोह होतो.

ते एका मोज्यावरच आपल्या खोलीत गेले. आईंचा गाल सुजला होता, त्यांना बोलता येत नव्हतं, त्यांनी हातानेच विचारलं, काय झालं? मी खांदे उडवले. माझा जीव भांड्यात पडला होता. थाप पचली, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅलरीत ठकीचे कपडे वाळत घालत होते. बाबा येऊन स्टुलावर बसले. चिमट्यांची टोपली मांडीवर घेतली आणि मला एकेक चिमटा देत देत, रस्त्याकडे बघत, त्यांनी सांगितलं.

ख्यालात जोड नसतो, ते म्हणाले. तो वाद्यावर असतो. तुला ते माहीत नसणार. तू आमच्या धंद्यातला शब्द वापरलास. टेपची दोन टोकं चिकटवतात, त्याला आम्ही जोड म्हणायचो. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये एकच जोड आहे. सतराव्या मिनिटाला, अडतीसाव्या सेकंदाला.

माझ्या हातात ठकीचं झबलं होतं. ते मी नुसतं धरून उभी राहिले.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बाई गायल्या साडेतेहतीस मिनिटं, वेळ होती तिसाची. साहेब म्हणाले, संध्याकाळपर्यंत बसवा. बाईंच्या गाण्यातलं काही कापायची कुणाची छाती? मागे साथीला व्हायोलिन होतं. वाजवणारे पन्नाशीचे, अबोल गृहस्थ. केंद्रावर त्यांना रोजावर बोलवत. गाण्याच्या मध्यावर बाई थांबल्या होत्या आणि त्यांनी व्हायोलिनवाल्यांना एकट्याने वाजवू दिलं होतं. साडेतीन मिनिटं. बाबा म्हणाले, तसं त्यांनी आधी कधी वाजवलं नव्हतं. साथ करणाऱ्याच्या वाट्याला अशी साडेतीन मिनिटं आयुष्यात एकदा येतात. हिशेब बरोबर जमत होता. बाबांनी ती कापली. तबल्याच्या एका समेवर कापून दुसऱ्या समेवर जोडलं, इतकं सफाईने, की शेजारी बसलेल्या सहकाऱ्यालाही ओळखू आलं नाही. कापलेला तुकडा टोपलीत टाकला. टेपची टंचाई होती. तुकडे चिकटवून, पुसून, पुन्हा वापरत. आठवड्याच्या आत त्यावर कुणाचंतरी खतांवरचं भाषण चढलं.

प्रसारणाच्या दिवशी व्हायोलिनवाल्यांच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं जमली होती. बायको, मुलगी, भाऊ, भावजया, खालच्या मजल्यावरचे सगळे. हे बाबांना नंतर साथीच्या तबलजींनी सांगितलं. पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ दुसऱ्या कुणाच्या साथीला आले, व्हायोलिनची पेटी उघडली, आणि काचेपलीकडे बसलेल्या बाबांना एवढंच म्हणाले, “जोड छान बसलाय.” पुढे अकरा वर्षं ते केंद्रावर येत होते. पुन्हा तो विषय नाही. मग गेले.

“त्यांना ऐकू आला, त्यात नवल नव्हतं,” बाबा म्हणाले. “ते स्वतः वाजवत होते. मी मनाशी म्हणायचो, बाकी कुणाला कळत नाही. त्यांच्या घरच्यांना वाटलं असेल, यांना त्या दिवशी एकट्याने वाजवायला मिळालंच नाही. थोडं वाईट वाटलं असेल, संपलं. त्यावर मी दिवस काढले. कार्डसुद्धा त्यासाठीच. कुणी अडकतं का बघायला.”

त्यांनी मला चिमटा दिला.

“आता माझा उजवा कान गेला, डावा निम्मा. मला स्वतःला तपासता येत नाही. आणि तू. गाण्यातलं तुला ओ की ठो कळत नाही, रागावू नकोस, आणि तुला पहिल्या फटक्यात स्पष्ट ऐकू आला. म्हणजे त्या चाळीसांना आला असणार. भर घरात, सगळ्यांच्या देखत, त्यांना कापलेलं त्यांनी ऐकलं.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले असते तर पुढचा प्रश्न आला असता, मग तू तीस मिनिटं काय करत होतीस? आणि त्याच्यापुढचा, हेडफोन का नाही घातलास? एक धागा ओढला की सगळं उसवलं असतं, थेट पलंगापर्यंत. मी उरलेले कपडे वाळत घातले.

त्या दिवसापासून बाबांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, दोन घास चिवडून उठायचे. कार्डावर त्यांनी माझी ओळ लिहिली होती, मी हळूच जाऊन बघितली: सूनबाई: सतरावे, जोड ओळखला. ‘ओळखला’च्या खाली रेघ. माझ्या नवऱ्याने ते वाचलं आणि संध्याकाळभर मला छळलं. “मी तीन मिनिटांत गळालो, तू मेरिटात आलीस. आता घरात कुजबुजायचीसुद्धा सोय नाही.” आई म्हणाल्या, “यांना अडतीस वर्षं एक कान हवा होता, माझे दोन्ही फुकट गेले.” सगळे हसले. मीही हसले. माझ्या हसण्याचा आवाज मला वेगळा ऐकू आला.

गुरुवारी बाबांनी फोन केला. व्हायोलिनवाल्यांची मुलगी एका शाळेत व्हायोलिन शिकवते. तिचा नंबर तबलजींच्या पुतण्याकडून मिळवला. शनिवारी चार वाजता येतो म्हणाले. काय काम, ते फोनवर सांगितलं नाही. मग स्वतःच शर्टाला इस्त्री केली, बाहीवर एक आडवी सुरकुती तशीच राहिली.

म्हणजे माझ्या एका थापेपायी ते सत्तरीच्या वयात एका परक्या बाईपुढे जाऊन उभे राहणार होते. सांगणार होते, तुम्हाला इतकी वर्षं ते ऐकू येत होतं ना, त्याबद्दल माफ करा. आणि कदाचित तिला कधीच काही ऐकू आलेलं नसेल. कदाचित ते रेकॉर्डिंग ती कौतुकाने जपून असेल. ऑफिसात असताना मी अशा जबाबांवर लाल पेनने खूण करून ते परत पाठवत असे.

शनिवारी दुपारी नवरा कामावर होता, आई पडल्या होत्या, बाबा न्हाव्याकडे गेले होते. मी ठकीला मांडीवर घेऊन संगणकापुढे बसले. हेडफोनची तार काढली. आवाज खोलीत येऊ दिला. दार उघडं, डोळे उघडे. बाबांचा एकही नियम पाळला नाही. शिवाय कुठे काय आहे हे आधीच कळलेलं. पहिल्यांदा ऐकणं मी सोमवारीच सांडलं होतं. हे जे होतं त्याला काय म्हणायचं, मला माहीत नाही.

पहिली पाच मिनिटं मला काही कळलं नाही. आवाज येत होता, जात होता. लेखातले शब्द आठवायचा प्रयत्न केला, सोडून दिला. मग ठकी माझ्या अंगावर जड झाली, झोपली, आणि सवयीने मी तिचे श्वास ऐकायला लागले. आत, बाहेर, मध्ये एक थांबा. ते ऐकता ऐकताच लक्षात आलं की बाईंचाही श्वास ऐकू येतोय. ओळ संपताना त्या घाईने घेतात, समेआधी अगदी थोडा. गेले नऊ आठवडे मी दुसरं करत काय होते? एक माणूस श्वास घेतंय की नाही, घेतला तर कसा, याच्यापलीकडे मला काही ऐकायची सवयच उरली नव्हती. बाईंना मी तशीच ऐकायला लागले. आता थांबल्या. आता घेतील. घेतला.

त्यांच्या मागे व्हायोलिन होतं. कुणी हातात सामान घेऊन दोन पावलं मागून चालावं तसं. बाई वळल्या की तेही वळत होतं. दहाव्या, बाराव्या मिनिटापर्यंत ते मागेच. पंधराव्यानंतर ते जरा जवळ आलं. पडद्यावर सतरा झाले. मी कान टवकारले. मला जोड पकडायचा होता, एखादी खरखर, एखादी ठेच, म्हणजे माझं खोटं निदान उशिरा का होईना खरं ठरलं असतं.

खरखर नव्हती. ठेच नव्हती. बाई समेवर आल्या, तबल्याचा ठोका पडला, आणि त्या ठोक्याच्या अंगावरच, हळूच, गाण्यातला नव्हे असा एक शब्द आला.

“घ्या.”

आणि लगेच पुन्हा बाईच गाऊ लागल्या.

मी मागे जाऊन ऐकलं. तीनदा. मोठ्या माणसाने हातातलं काम थांबवून, वळून, मागच्याला पुढे बोलवावं तसा तो शब्द होता. आनंदाने म्हटलेला. आणि त्यानंतर कुणी काही घेतलं नाही. बोलावणाऱ्या बाईच बोलावणं विसरून पुढे गेल्यासारख्या वाटत होत्या.

त्या शब्दाला उत्तर न आलेल्या जागेत मला त्या दिवशीची माझी खोली ऐकू आली. माझी पाठ, घड्या, कानातली गाणी, आणि मागे खाली फरशीवर कुणीतरी.

बाबा साडेतीनला दारातल्या बाकावर बसून बूट घालत होते. एक घालून झाला होता. मी ठकीला कडेवर घेऊन पुढे जाऊन उभी राहिले आणि सरळ सांगितलं, “बाबा, सोमवारी मी ऐकलंच नाही. वेळ पडद्यावर बघितली आणि शब्द मोबाइलवरून उचलला.”

त्यांनी वर बघितलं. ब्लेडसाहेबांचं ते बघणं मला आजवर ऐकून माहीत होतं. एवढंच विचारलं, “का?”

मग मी ते सगळं सांगितलं. बोंडं, गाणी, माझी पाठ, डॉक्टरांनी दोनदा विचारलेला प्रश्न आणि माझं ‘लगेच’. आवाज हळू ठेवला होता, आई आत पडल्या होत्या म्हणून. मध्येच लक्षात आलं की बाबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही. ते डावा कान माझ्याकडे करून, ओठांकडे बघत बसले होते. मला वाक्य पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्याने. “मला ती रडलेली ऐकू आली नाही.”

ठकीने त्यांच्या चष्म्याकडे हात केला, त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. एरवी कधी देत नाहीत.

“आज ऐकलंस का?” त्यांनी विचारलं.

“आज ऐकलं.”

“मग, येतो ऐकू?”

मी नाही म्हणाले असते तर ते बूट काढून आत गेले असते. रात्री नीट जेवलेही असते कदाचित. आणि ते अर्धं खरंही होतं.

“जोड ऐकू येत नाही,” मी म्हटलं. “कुठेच कळत नाही. पण बाई कुणालातरी ‘घ्या’ म्हणाल्यात. आणि कुणीच घेत नाही. ते ऐकू येतं.”

बाबांनी मान खाली घातली. दुसऱ्या बुटाची नाडी बोटाला गुंडाळली, सोडली.

“तो शब्द काढायचा फार प्रयत्न केला,” ते म्हणाले. “ठोक्यावरच पडला होता. शब्द काढला तर सम जायची. समीक्षक मला म्हणाले, बाई श्रोत्यांना ‘घ्या’ म्हणतात, केवढी आपुलकी. मी हो म्हटलं.”

मग त्यांनी नाडी बांधली. खिशातून कार्ड काढलं; ते बरोबर नेत होते. बाकावर ठेवून पेनने माझी ओळ खोडली आणि पुढे लिहिलं: सोमवारी ऐकले नाही. त्याच्या खाली आजची तारीख घातली, ‘सूनबाई’ लिहिलं, आणि पुढची जागा रिकामी ठेवून कार्ड आणि पेन माझ्याकडे दिलं. “तू लिही. मला काय लिहायचं कळत नाही.”

“तुम्ही जाताय?”

“चार म्हटलंय.” ते उठले. ठकीच्या हातातून चष्मा सोडवून घेतला, तिच्या थुंकीने भरलेला, तो तसाच घातला. “ऐकू येत नसेल तर त्यांच्या मुलीला माहीतच नसेल की वडिलांनी एकट्याने वाजवलं होतं. मग तर जायलाच हवं.”

दार उघडून ते थांबले. माझ्याकडे पाठ होती.

“हे आईला माहीत आहे? तुझ्या नवऱ्याला?”

“नाही.”

“किती दिवस झाले म्हणालीस?”

“नऊ आठवडे.”

“मी अडतीस वर्षं लावली,” बाबा म्हणाले. “तू आटप.”

जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर होता. बाहीवरची सुरकुती वळणापर्यंत दिसत राहिली. मी दार लावलं. कार्डावर काय लिहावं ते सुचलं नाही, ते मी संगणकापाशी ठेवलं. डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला; पाचला ते बसतात. नवरा सहाला येतो.

आत आई उठून बसल्या होत्या, सुजलेला गाल तळहातावर धरून. मी ठकीला त्यांच्या शेजारी पलंगावर ठेवलं आणि तिचा पाय धरूनच ठेवला.

“आई, तुम्हाला एक सांगायचंय.”

माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा हात आधी ठकीच्या कपाळावर गेला. “काय गं, अंग तापलंय का?”

“नाही,” मी म्हटलं. “मागे ती पडली होती ना, तेव्हा मी बाथरूममध्ये नव्हते.”